वारा डावीकडून: ताई-दाजींनी सायकलवर कॅन्सस कसं पार केलं

ज्यांना नुसती माहिती हवी त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. दोघंही पन्नाशी ओलांडलेले, मूळचे सांगलीकडचे, आता बरीच वर्षं अमेरिकेत सेंट लुईसच्या बाजूला राहतात. दोन वेगवेगळ्या सायकली, तंबू, स्टोव्ह, सगळं सामान स्वतःचं स्वतः वाहायचं. जूनचा दुसरा आठवडा. कॅन्सस राज्य पूर्वेकडून पश्चिमेकडे आडवं कापायचं आणि पुढे कोलोरॅडोत प्वेब्लोला संपवायचं. माझी मोठी बहीण आणि दाजी. मी काही सोबत नव्हतो, इकडे बसून व्हॉट्सअ‍ॅपवर रोजचा वृत्तांत ऐकायचो आणि परत आल्यावर दोघांना वेगवेगळं गाठून सगळं विचारलं, आणि वेगवेगळं विचारलं म्हणूनच हे लिहिण्यासारखं झालं, कारण दोघांच्या दोन कहाण्या निघाल्या. दाजींच्या कहाणीत किलोमीटर होते, ताईच्या कहाणीत वारा होता.

रस्ता म्हणजे ट्रान्सअमेरिका ट्रेलचा मधला तुकडा. हा ट्रेल म्हणजे वेगळा बांधलेला सायकल ट्रॅक वगैरे नाही, साधेच रस्ते आहेत, फक्त कुठून वळायचं, पाणी कुठे, मुक्काम कुठे याचे नकाशे केलेत. ओरेगनमधल्या अ‍ॅस्टोरियापासून व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनपर्यंत साधारण 6800 किमी. 1976 साली अमेरिकेला 200 वर्षं झाली तेव्हा 'बाइकसेंटेनियल' म्हणून हा रस्ता सुरू केला, आणि गंमत म्हणजे कल्पना दोन नवराबायकोच्या जोड्यांची, ग्रेग आणि जून सिपल, डॅन आणि लिस बर्डन. हे चौघं अलास्कातून सायकली घेऊन दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे निघाले होते तेव्हा वाटेत हे डोक्यात आलं. त्या 1976 च्या उन्हाळ्यात चार हजारांवर लोक या रस्त्यावर उतरले आणि तेव्हापासून कॅन्ससच्या बारक्या बारक्या गावांना सायकलवाले दिसायची सवय झालीय, गावच्या पार्कात तंबू टाकू देतात, पैसे घेत नाहीत. ताई-दाजींचा अर्धा खर्च त्यामुळेच वाचला.

आता मूळ मुद्दा. दोघांच्या वेगात फरक. सपाटीला, वारा नसताना दाजी 22 ने चालवतात, ताई 17-18 ने. घरच्या शनिवार-रविवारच्या राइडला हे चालून जातं, पण रोज सहा-सात तास आणि तेही अशा प्रदेशात जिथे ना घाट, ना झाडी, ना वळण, तिथे हा फरक दिवसभर डोळ्यासमोर राहतो. दाजी दोन किमी पुढे गेले तरी ठिपक्याएवढे दिसतच असतात. पुढचं गाव तर अजून वाईट, कारण प्रत्येक गावात धान्याचे सिमेंटचे उंच सायलो असतात (तिकडे ग्रेन एलेव्हेटर म्हणतात) आणि ते पंधरा-पंधरा किमीवरून दिसायला लागतात. दाजी म्हणायचे, अगं ते बघ गाव आलं. आणि गाव यायला अजून तास.

त्यात तो थांबण्याचा घोळ. जोडीने सायकल चालवणाऱ्या सगळ्यांना हा माहीत असणार. पुढचा माणूस पोचतो, पाणी पितो, सावली बघून पंधरा मिनिटं बसतो, मागची पोचते तेव्हा तो ताजातवाना होऊन म्हणतो चला. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज कमी त्याला जास्त मिळते आणि जिला गरज जास्त तिला मिळतच नाही. यावर ताईने पहिल्याच आठवड्यात नियम केला की मी पोचल्यापासून वीस मिनिटं मोजायची, आधी तुम्ही कितीही बसलेले असा. हा एक नियम शेवटपर्यंत टिकला. बाकीचे दोन उपाय मात्र टिकले नाहीत, आणि ते का टिकले नाहीत हेच मला या प्रकरणात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं.

पहिला उपाय सामानाचा. जोडप्यांना सगळे हाच सल्ला देतात, की जो जोरात चालवतो त्याच्यावर वजन टाका म्हणजे वेग आपोआप सारखा होतो. सुरुवातीला दाजींकडे 18 किलो, ताईकडे 11 होतं. पिट्सबर्गहून (हे कॅन्ससमधलं, पेन्सिल्व्हेनियातलं नव्हे) निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी तंबू, स्टोव्ह, हत्यारं, मेतकूट आणि शेंगदाण्याच्या चटणीचे डबेसुद्धा दाजींच्या बॅगांत गेले, ताईकडे कपडे आणि स्लीपिंग बॅग. फरक काय पडला? जवळपास शून्य. कारण वजन चढावर भोवतं, सपाटीवर एकदा सायकल चालू झाली की पाच-सात किलोने फारसं बिघडत नाही, तिथे सगळी ताकद हवा कापण्यात जाते. आणि कॅन्ससला चढ असून नसल्यासारखा आहे. म्हणजे आहे बरं का, लोक म्हणतात परातीसारखं सपाट, पण पिट्सबर्ग समुद्रसपाटीपासून 290 मीटरच्या आसपास आणि पश्चिमेचं ट्रिब्यून 1100 मीटरवर. पण हा चढ सातशेच्या वर किलोमीटरमध्ये पसरलाय, म्हणजे किलोमीटरला एखादा मीटर, पायाला कळतसुद्धा नाही.

एकाच ठिकाणी सामानाची युक्ती चालली, फ्लिंट हिल्समध्ये. युरेकाहून रोझेलिया, तिथून कॅसडे, हा पट्टा. इथे खरोखर टेकड्या आहेत, लाटांसारख्या, एकामागून एक, आणि तिथे दाजी मागे पडले आणि ताई पुढे. (हे मला ताईनेच सांगितलं, दाजींनी नाही.) बाकी सगळी प्रेअरी (म्हणजे तिकडची गवताळ मैदानं) नांगरली गेली पण हा भाग वाचला, कारण वरच्या मातीच्या थराखाली लगेच गारगोटीसारखा कडक चर्ट दगड आहे, नांगर चालेना, मग लोकांनी गुरं चारायला ठेवून दिला. उंच गवताची जी मूळ प्रेअरी होती त्यातली 4 टक्क्यांपेक्षा कमी उरलीय आणि त्यातली बहुतेक इथेच. जूनमध्ये गवत गुडघ्याएवढं असतं, डोक्याएवढं व्हायला सप्टेंबर लागतो, त्यामुळे फोटो बघून गेलेल्यांचा जरा हिरमोड होतो. ताईचा नाही झाला. तिला हाच भाग सगळ्यात आवडला, दाजींना सगळ्यात कमी.

दुसरा उपाय ड्राफ्टिंगचा, म्हणजे पुढच्याच्या आडोशाला चाकामागे चाक ठेवून चालवणं. याचा हिशोब साधा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि वेग म्हणजे रस्त्यावरचा नव्हे, हवेच्या तुलनेतला. तुम्ही 16 ने चाललाय आणि समोरून 24 चा वारा आहे म्हणजे हवेला तुम्ही 40 ने धडकताय, वारा नसताना जो अडथळा असता त्याच्या सव्वासहा पट. अशा वेळी पुढे कुणीतरी असलं की मागच्याचा मोठा भार उतरतो. चनूट ते युरेका या भागात वारा नैऋत्येचा, बराचसा समोरून होता, तेव्हा दाजी पुढे आणि ताई मागे असं जमलं, दोघांचा वेग एकच झाला. पण बोजा लादलेल्या सायकलींनी अर्ध्या मीटरवर चालवायचं म्हणजे मागच्याने क्षणभर नजर हलवायची नाही, खड्डा दिसत नाही, पुढच्याने ब्रेक मारला की संपलं. संध्याकाळी ताई म्हणाली, "अहो, मी कॅन्सस बघायला आले होते, तुमच्या मागच्या बॅगा बघायला नाही."

आणि मग लार्नेडच्या पुढे ड्राफ्टिंगही संपलं.

इथे एक गैरसमज काढायला हवा. बरेच जण सांगतात की अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे करा, वारा पाठीशी असतो. डोंगराळ भागाचं मला माहीत नाही, पण कॅन्ससमध्ये उन्हाळ्याचा वारा मुख्यतः दक्षिणेचा. पूर्वेला जा नाहीतर पश्चिमेला, तो बाजूनेच येणार. पश्चिमेला जाताना दक्षिण डावीकडे, आणि अमेरिकेत चालवायचं उजवीकडून. म्हणजे वारा रस्त्याच्या मधल्या बाजूने येतो आणि तुम्हाला बाहेर ढकलतो. बाजूच्या वाऱ्यात आडोसा हवा असेल तर बरोबर मागे राहून मिळत नाही, तिरकं मागे, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला राहावं लागतं, म्हणजे इथे उजवीकडे. मग ताई रस्त्याच्या कडेला, साइडपट्टी कुठे आहे कुठे नाही, जिथे आहे तिथे झोपलेल्या ड्रायव्हरला जागं करायला खोदलेल्या खाचा, आणि दाजी तेवढेच लेनच्या आत, ट्रकच्या वाटेत. शर्यतीत रस्ता बंद असतो तेव्हा हे ठीक आहे, 96 नंबरच्या हायवेवर गुरांचे आणि धान्याचे ट्रक जात असताना नाही.

ट्रकचं तर वेगळंच. डावीकडून 35-40 चा वारा असला की तुम्ही नकळत डावीकडे कलून चालवत असता. मागून ट्रक आला की तो क्षणभर वारा अडवतो आणि तुम्ही ट्रककडेच ओढल्यासारखे जाता, ट्रक गेला की वारा एकदम परत येतो आणि तुम्ही उजवीकडे गवतात. ताई तीनदा गवतात गेली. आणि गवतात काय, तर सराटे! तेच आपले सराटे, गोखरू, काटा पण तोच, तिकडे त्याला गोटहेड म्हणतात, पश्चिम कॅन्सस आणि पूर्व कोलोरॅडोत रस्त्याच्या कडेला भरपूर. गवतात चाक गेलं की बाहेर येताना टायर हाताने पुसून घ्यायचा, काटा दिसला तर लगेच काढायचा नाही, आधी पंप आणि ट्यूब हाताशी आहे का बघायचं, कारण काढला की हवा जाणार. न्यूटन-हचिन्सन सोडलं की पुढे सहाशे किमी, प्वेब्लोपर्यंत, रस्त्यावर सायकलचं धड दुकान सापडत नाही म्हणून ट्यूब, पॅच, चेनचा एक जोड आणि स्पोक दाजींनी आधीच घेऊन ठेवले होते. या बाबतीत माणूस चोख.

रश सेंटरच्या अलीकडे एका पिकअपवाल्या शेतकऱ्याने थांबून विचारलं गावापर्यंत सोडू का, आणि ताई सायकलसकट बसली. दाजी बसले नाहीत. साधारण वीस किमी. झालं. दाजींचं म्हणणं, आता आपण कॅन्सस सायकलवर पार केलं असं म्हणता येणार नाही, रेघ तुटली. ताईचं म्हणणं, मी रेघ मारायला आलेच नाही. आलेक्झांडर, नेस सिटी, हा सगळा पट्टा दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत गेले. माझं मत विचाराल तर ताई बरोबर होती, दाजींनी तसलाच वारा डाव्या अंगावर घेत अडीच तास काढले आणि पोचले तेव्हा डावा कान, मान, खांदा सगळं बधिर, दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यायलाच लागली. पण दाजींची बाजूही अगदी टाकाऊ नाही. त्यांना वर्षाला मोजक्या रजा, त्यातल्या सगळ्या इथे लावल्या होत्या, नकाशावरची ती अखंड रेघ हेच त्यांचं बक्षीस होतं.

नेस सिटीला मोटेलमध्ये एक दिवस काढला. गावात चार मजली दगडी बँकेची जुनी इमारत आहे, 1890 ची, तिला 'स्कायस्क्रेपर ऑफ द प्लेन्स' म्हणतात, ती बघायला दोन मिनिटं लागतात. उरलेला वेळ दोघांनी बसून हिशोब केला. त्यांनी रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या, किती वाजता निघालो, कुठे वारा सुरू झाला, आणि त्यात ताईला दिसलं की वारा जवळपास रोज एकाच वेळी उठतो, दहाच्या आसपास. याला कारण आहे. रात्री जमीन गार पडते, जमिनीलगतचा गार हवेचा थर जड होऊन बसून राहतो आणि वरचा जोरदार वारा वरच्यावर निघून जातो, खाली शांत. ऊन चढलं की जमीन तापते, खालची हवा वर, वरची खाली अशी घुसळण सुरू होते आणि तो वरचा वारा खाली येतो. म्हणजे पहाटेपासून दहापर्यंतचा कॅन्सस वेगळा आणि नंतरचा वेगळा.

मग ठरवलं की दिवस किलोमीटरवर संपवायचा नाही, वाऱ्यावर संपवायचा. साडेपाचला दिवे लावून निघायचं (जूनमध्ये तिथे सूर्य सव्वासहाच्या सुमाराला उगवतो), वारा उठला की जे गाव येईल तिथे थांबायचं. ताई पुढे, दाजी मागे. मागे लाल दिवा जोरात असलेली सायकल दाजींची, आणि पुढे ताई असल्यामुळे वेग तिचा. दाजींना हा उलटा क्रम सुरुवातीला पटला नव्हता, आडोसा कुणाला कुणाचा, पण वाराच नाही तर आडोसा कशाला.

नेस सिटी ते डायटन 50 किमी, साडेनऊच्या आत पोचले. दुसऱ्या दिवशी स्कॉट सिटी, 38-40 किमी, आणि तिथे वारा यायच्या आधी गुरांच्या फीडलॉटचा (गुरं कोंडून खाऊ घालून पुष्ट करतात ती जागा) वास आला. मग लिओटी. आधीच्या प्लॅनमध्ये रोज 80-90 किमी होते, आता 40-50. दुपारी काय करायचं हा दाजींचा प्रश्न. उत्तर सोपं निघालं: नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव (दोन-चार डॉलरमध्ये पोहणं आणि अंघोळ दोन्ही), गावची लायब्ररी (एसी, चार्जिंग, फुकट), आणि झोप. जेवायचं मात्र बघून, छोट्या गावातले कॅफे दुपारी दोनला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. दोघंही शाकाहारी, तिकडे नाश्त्याची पांढरी ग्रेव्ही असते त्यात सॉसेज असतं हे विचारल्याशिवाय कळत नाही, बीन्समध्ये कधी चरबी असते. मेक्सिकन लोकांची छोटी हॉटेलं असतील तिथे नीट सोय झाली, नाहीतर टॉर्टियात शेंगदाण्याची चटणी आणि चीज गुंडाळून.

पार्कातल्या मुक्कामाबद्दल दोन गोष्टी. आधी शेरीफच्या ऑफिसला किंवा सिटी ऑफिसला फोन करून सांगायचं की आम्ही तंबू टाकतोय, म्हणजे रात्री कुणी बॅटरी मारून उठवत नाही. आणि त्याच फोनवर स्प्रिंकलर किती वाजता सुरू होतात ते विचारायचं. एका गावात (नाव सांगत नाही) रात्री दोन वाजता जमिनीतून कारंजी उठली आणि तंबूच्या जाळीतून आत पाऊस. त्यानंतर तंबू टाकताना ताई आधी गवतात हात फिरवून नळाची तोंडं शोधायची.

वादळाचं मात्र हसण्यावारी नाही. लार्नेडच्या पुढच्या एका मुक्कामी संध्याकाळी पश्चिमेला काळी भिंत उभी राहिली. या भागात वादळं दुपारनंतर पश्चिमेला तयार होतात आणि संध्याकाळी-रात्री पूर्वेकडे सरकतात, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्याच्या तोंडावरच. तिकडच्या हवामान खात्याचे दोन शब्द पाठ पाहिजेत: 'वॉच' म्हणजे वादळ होऊ शकतं, लक्ष ठेवा, आणि 'वॉर्निंग' म्हणजे दिसलंय, आत्ता आत जा. फोनवर वॉच होतं तोवर दाजी भात शिजवत होते, वॉर्निंग आली तशी स्टोव्ह बंद करून दोघं पार्कातल्या विटांच्या बाथरूममध्ये. पाच मिनिटांत समोरच्या घरातली बाई गाडी घेऊन आली आणि दोघांना चर्चच्या तळघरात घेऊन गेली, तिथे गावातली दहा-बारा माणसं, कुकीज, पत्ते. टॉर्नेडो आला नाही, सुपारीएवढ्या गारा आल्या. तंबूचा एक पोल मोडला, तो टेप लावून प्वेब्लोपर्यंत चालला.

लिओटी आणि ट्रिब्यूनच्या मध्ये टाइम झोन बदलतो. कॅन्ससच्या 105 काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) फक्त चार माउंटन टाइमवर, म्हणजे एक तास मागे, आहेत, त्यातली ग्रीली ही एक, ट्रिब्यून तिचं मुख्य गाव, आणि 2020 च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत तेराशेसुद्धा लोक नव्हते. दाजींचं घड्याळ सव्वाआठ म्हणत होतं, गाव सव्वासात. दाजी खूश, एक तास फुकट मिळाला, चला पुढे शेरिडन लेकपर्यंत, अजून 45 किमी. ताई म्हणाली, "तास घड्याळाला मिळालाय, वाऱ्याला नाही." थांबले. नऊ वाजता, म्हणजे जुन्या दहाला, पार्कातला झेंडा फडफडायला लागला. दाजींनी माझ्याकडे हे कबूल केलं, ताईकडे केलंय का माहीत नाही.

हिशोबाने बघायचं तर नेस सिटीच्या पुढे त्यांचा रोजचा सरासरी वेग वाढला आणि रोजचं अंतर कमी झालं. प्लॅनपेक्षा उशीर झाला, दाजींना दोन दिवसांची जादा रजा मागायला लागली, ती बिनपगारी मिळाली. कोलोरॅडोत ईड्स, हॅझवेल, ऑर्डवे हा पट्टा याच पद्धतीने केला. पंक्चरं दाजींना जास्त झाली, मागून चालवत असल्याने ट्रक आला की तेच आधी खाली उतरायचे. दाजींचं अजूनही म्हणणं आहे की सूर्य मावळल्यावर वारा पडतो तेव्हा संध्याकाळी अजून वीसेक किमी करता आले असते. मला ते पटत नाही, वादळं त्याच वेळची आणि हार्वेस्टरवाले अंधार पडेपर्यंत रस्त्यावर असतात, त्यांची यंत्रं अख्खी लेन खाऊन वर उरतात.

आता टँडेम घ्यायची का, म्हणजे दोघांची एकच सायकल, असं घरात चाललंय. वेगाचा प्रश्न मुळातूनच मिटतो, बाजूच्या वाऱ्याचा मिटत नाही. ताईचा कल वेगळाच आहे, नेब्रास्कात काउबॉय ट्रेल आहे, जुनी रेल्वेलाइन उखडून केलेला, नॉरफोक ते व्हॅलेंटाइन तीनशेच्या वर किमी, बारीक खडीचा. वारा तिथेही दक्षिणेचा आणि सराटे तर म्हणे कॅन्ससपेक्षा जास्त, पण ट्रक नाहीत. दाजींनी सीलंटच्या (टायरमध्ये ओततात, बारीक भोकं आपोआप बुजतात) बाटल्या मागवून ठेवल्यात.